संत आरेलच्या हवाईदलाची मेस

शनिवार, २५ मे १९८५

सगळ्यात आधी टपकली ती मराठी मंडळातली शरयू. जेवायला बोलावलं होतं सातला, बाई सहालाच दारात. पैठणी नेसून! मी इकडं पोळ्या लाटतेय, नाकाला कणीक, आणि ही म्हणते कशी, सुमित्राबाई, मिलिटरीचे लोक वेळेच्या आधी येतात, म्हटलं इंग्रजी बोलायला घरात कुणीतरी असावं. जसं काही माझा विनय आणि सून रेखा घरात बसून कानडी बोलतात. शरयू मॅट्रिक आहे. भेटली की सांगतेच. मी चौथीपर्यंत शिकले, पण चौथीत माझा पहिला नंबर होता, ते मी सांगत फिरते का?

मिलिटरीचे लोक पावणेआठला आले. रस्ता चुकले. हवाईदलाचे लोक आमच्या ईडन प्रेरीत, अमेरिकेतल्या एवढ्याशा गावात, रस्ता चुकतात, तेव्हाच माझ्या मनात आलं, यांना मदतीची गरज आहे.

दोघं जण. मोठे ते कर्नल मोरेल. उंच, पांढऱ्या मिशा, पोट गणवेशाच्या बटणांचं ऐकत नाही. धाकटा कॅप्टन पिंटो. पिंटो म्हटल्यावर मी लगेच ओळखलं, आपल्या गोव्याचा. विचारलं, म्हापशाचे की मडगावचे? विनय म्हणाला, आई, ते त्यांच्या देशातलेच आहेत. मी म्हटलं, असू देत की, पण मूळचे? बिचारा नुसता हसला. मी त्याला पिंटूच म्हणणार.

हे आलेत कुठून आणि कशाला ते लिहून ठेवते, नाही तर पुढं माझं मलाच कळायचं नाही. समुद्रात एक चिमुकलं बेट आहे, सेंट आरेल. स्वतंत्र देश. त्यांचं हवाईदल आहे, त्यात चार विमानं. दोन उडतात. तिसरं उडतं पण उतरताना रुसतं. चौथ्यात कुणाच्या तरी कोंबड्या आहेत. शप्पथ, विनयनेच सांगितलं. तर हे सगळं सुधारायचं, मॉडर्न करायचं, नवं विमान, नवे रेडिओ, पायलटांना ट्रेनिंग, असा मोठा प्लॅन विनयच्या कंपनीने केलाय. लिहिलाय विनयने. उशाला घेता येईल एवढा जाड. या दोघांनी सही केली तर विनयचं डिपार्टमेंट राहील. नाही केली तर डिपार्टमेंट बंद, आणि आम्ही सगळे टेक्सासला. नातीची, सुलूची शाळा, रेखाची लॅबमधली नोकरी, माझी परसातली मेथी, सगळं सोडून. म्हणून रेखाचा चेहरा संध्याकाळपासून इस्त्री केल्यासारखा ताठ.

संताच्या नावाचा देश म्हणून मी कांदा-लसूणसुद्धा घातला नव्हता. आणि कर्नल विचारतो, फिश? असो. संतांचीही आपापली पद्धत.

आता खरी गोष्ट. वरणभात झाला आणि कर्नलने मोठा सुस्कारा टाकला. माझ्याकडं बघून म्हणाला, मॅडम, काय सांगू, अवर एअर फोर्स इज अ मेस.

मी हातातलं पातेलं खालीच ठेवलं. मेस! अख्ख्या इंग्रजीत मला एक शब्द पक्का कळतो आणि नेमका तोच बोलला माणूस. सांगलीला कॉलेजच्या मागे माझी मेस होती. हे गेल्यावर काढली, विनय शिकून इकडं येईपर्यंत चालवली. तिच्यावर किती पोरं इंजिनियर झाली. एक तर आमदार झाला, पण त्याचं जेवण मुळातच जास्त होतं. मी उभी राहिले, टाळ्या वाजवल्या, म्हटलं, व्हेरी गुड! आय ऑल्सो मेस! बिग मेस!

कर्नल बघतच राहिला. मग असा हसला, असा हसला, की मिशा कपाळाला टेकतात का काय. म्हणाला, मग तुम्हीच या आमच्याकडं. कम अँड फिक्स अवर मेस. शरयूने भाषांतर केलं, तुम्हाला बोलावतायत हो, त्यांची मेस सुधारायला. सांगताना तिचं पोट दुखलं असणार.

विनयला ठसका लागला. पाणी दिलं.

रविवार, २६ मे

आनंदाने झोपच नाही. सकाळी विनयच्या ऑफिसची ही डायरी कपाटातून काढली, जानेवारीपासून कोरी पडली होती, आणि कालचं सगळं कालच्या पानावर लिहून टाकलं. आता रोज लिहायचं. कुणी वाचायची नाही. पुढं माझं नाव झालं तर बघू.

विचार केला तर सगळं सरळ आहे. विमान कुणामुळं उडतं? पायलटमुळं. पायलट कशावर उडतो? जेवणावर. चारातली दोनच विमानं उडतात म्हणजे निम्मे पायलट उपाशी. एवढं विनयला का कळू नये? मी विचारलं, तुझ्या प्लॅनमध्ये आमटी कुठं आहे? म्हणाला, आई, त्यात रडार आहे, रनवे आहे. मी म्हटलं, आणि ताटं? तो अंघोळीला गेला.

माझा प्लॅन असा. आल्यावर आधी कुपन. कुपन नसेल तर कर्नल असला तरी बाहेर. घंटा झाली की पंगत. ताटात टाकायचं नाही. रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. हा नियम सांगलीत मी कधी मोडला नाही. एकदा प्रिन्सिपॉलसाहेब रविवारी संध्याकाळी पाहुणे घेऊन दारात उभे, म्हटलं, उद्या या. देशाचा कायदा बदलेल, सुमित्राच्या मेसचा नाही.

रेखा सकाळीच सुलूवर ओरडत होती. सुलू पंधरा वर्षांची घोडी, खोलीत लोळत चिप्स खाते, चुरा गादीवर. रेखा रोज म्हणते, युवर रूम इज अ मेस. बरोबरच आहे. झोपायच्या खोलीची खानावळ केल्यावर आई ओरडणार नाही तर काय.

मंगळवार, २८ मे

आजपासून रोज पाच इंग्रजी शब्द पाठ करायचे. आजचे: रनवे, रडार, स्क्वाड्रन, हँगर. चारच झाले, पण मेस आधीच येतो, तो धरला की पाच.

हँगर कसा कळला ते लिहिते. संध्याकाळी विनय रेखाला सांगत होता, त्यांच्या हवाईदलाला मिळून एकच हँगर आहे, तोही गळतो. माझं काळीज हललं. एका देशाला एक हँगर! आणि त्यावरनं कोट गळतो! तरीच कर्नलच्या गणवेशाला चुण्या. बाकीचे काय दोरीवर टाकत असतील? इथं आमच्या प्रत्येक कपाटात हँगरची गर्दी, ड्रायक्लीनरकडून आलेले तारेचे तर कुणी मोजतही नाही. गुपचूप एक जुडगा बांधून माझ्या बॅगेत ठेवला. विनयचे दोन लाकडीपण घातले. ते कर्नलसाठी. हुद्द्याचा मान ठेवायला हवा.

गुरुवार, ३० मे

इंग्रजी शब्द राहिले. फोन फार आले.

मी फक्त शरयूला म्हटलं होतं, कुणाला सांगू नका. तिने मंडळाच्या सेक्रेटरीला सांगितलं, सेक्रेटरीने सगळ्यांना. आता मिनिआपोलिसपर्यंत झालंय की विनयच्या आईला एका देशाच्या हवाईदलात घेतलं. एकीने विचारलं, पॅराशूट घालावं लागतं का? म्हटलं, नऊवारीवर जमणार नाही, पाचवारीवर बघू. शरयू म्हणते, मला असिस्टंट म्हणून न्या. मी म्हटलं, अर्ज करा. उगीच, गंमत. नेणार आहे मी तिला. पोळ्या कोण लाटणार?

विनय ऑफिसातून आला तो तोंड पाडून. तिथंही एका मराठी माणसाने अभिनंदन केलं म्हणे. म्हणाला, आई, कर्नल विनोद करत होता गं. मी म्हटलं, मिलिटरीत विनोद करायची परवानगी असते का? त्याने टाय सैल केला. मग समजावून सांगितलं. बुधवारी दुपारी तीनला डेमो आहे. पलीकडच्या छोट्या विमानतळावर नवं विमान उडवून दाखवणार. त्याचे बॉस लार्सनसाहेब स्वतः येणार. त्या दिवसावर सगळं आहे. तोपर्यंत तू प्लीज काही करू नकोस. मी म्हटलं, बरं.

बरं म्हणजे ऐकलं. करणार नाही असं मी म्हटलेलं नाही.

शनिवार, १ जून

घरात एकटी होते, फोन वाजला. पिंटूचा! विनयसाठी होता, पण मी कशाला सोडते. म्हटलं, पिंटू? आजी! वेनस्डे. लंच. मेस. यू, कर्नल, कम. तो यस यस थँक्यू म्हणाला. बघा, सहा शब्दांत काम झालं. लोक उगीच कॉलेजात जातात.

विनयला सांगितलं नाही. त्याच्या डोक्याला आधीच कमी ताप आहे का? शिवाय बारा वाजता जेवण, दीड वाजता हात धुतले, तीनला विमानतळ. त्यांच्याकडं गाडी आहे. रिकाम्या पोटी विमान बघितलं तर कुणालाही त्यात खोट दिसते. भरल्या पोटी सही लवकर होते. हे मी सांगलीच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरवर करून बघितलंय.

मंगळवार, ४ जून

चक्का टांगलाय. इथं दुकानात दही मिळतं पण पाणचट, म्हणून त्यात सावर क्रीम. टांगायला जागा कुठं? न्हाणीघरातल्या शॉवरच्या दांडीला. माझं जुनं पातळ फाडून मोठं गाठोडं केलं. विनय सकाळी डोळे मिटून अंघोळीला शिरला, आधी डोक्यावर दह्याचं पाणी. ओरडला, आई, हे काय? म्हटलं, उष्णता झालीय रे मला, श्रीखंड खावंसं वाटलं. केसांना चांगलं असतं ते पाणी, असू दे.

खोटं बोलले नाही. श्रीखंड मला नेहमीच खावंसं वाटतं.

त्या दिवशीच्या जेवणाला कर्नल म्हणत होता, मोटेलात झोप येत नाही, हवाईदलाची काळजी उशाशी. तेव्हापासून डोक्यात आहे, जायफळ घालायचं. वेलदोडा तर घालतेच. जायफळ जरा सढळ.

बुधवार, ५ जून, सकाळी

विनय आणि रेखा दोन्ही गाड्या घेऊन गेले, सुलू शाळेत. गॅरेज रिकामं! सांगलीच्या माझ्या मेसहूनही लांबलचक. दार वर करायचं बटण दाबलं की कर्रर्र करत उघडतं, अगदी हवाईदलासारखं वाटतं. झाडलं, चादरी अंथरल्या, दोन्ही बाजूंना ओळ. माणसं दोनच येणार, पण पानं पूर्ण स्क्वाड्रनची मांडली. सरावाला सगळं खरं हवं. पानांभोवती रांगोळी, दारात रांगोळीचं विमान. शरयू आली, म्हणाली, बदक छान काढलंय. दुर्लक्ष केलं. कुपनं कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची, बटाटा कापून शिक्का. घंटा म्हणून सुलूच्या सायकलची.

बुधवार, दुपारी, हळू लिहितेय

हवाईदल झोपलंय.

सगळं सविस्तर लिहायला हवं. बाराला आले. दारात कुपन दिलं, दारातच परत घेतलं. कर्नलने बूट काढले, मोज्याला भोक, बघितलं न बघितल्यासारखं केलं. मांडी घालायला त्याला वेळ लागला, पिंटूने एक गुडघा दुमडला, शरयूने दुसरा. मी सायकलची घंटा वाजवली. पंगत रिकामी दिसत होती म्हणून टपाल द्यायला आलेल्या माणसालाही बसवला. नको नको म्हणत होता, पण कुपन हातात दिल्यावर बसला. मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड. माझा आग्रह म्हणजे आग्रह. पिंटू ताटावर हात आडवा धरायला लागला, मी बोटांच्या फटीतून वाढलं.

एक वाजता गावाचा भोंगा झाला. इथं महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी वाजवून बघतात, वादळ आलं तर चालतोय ना म्हणून. मला माहीत आहे, त्यांना कुठलं? कर्नल ओरडला, आणि जो मांडी घालू शकत नव्हता तो माणूस उडी मारून बेसमेंटच्या जिन्यात! पिंटू त्याच्या मागे. टपालवाला इथलाच, तो जागचा हलला नाही, पण तेवढी संधी साधून दोन पुऱ्या हातात घेऊन पळाला. हवाईदल भरल्या पानावरून उठलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मी जिन्यात ओरडले, कर्नलसाहेब, नो बॉम्ब! वेनस्डे! ओन्ली वेनस्डे! आले बिचारे, घाम पुसत. घाबरलेल्या माणसाला गोड द्यावं म्हणून दोघांना श्रीखंडाची आणखी एकेक वाटी. मग आणखी एकेक.

हात धुऊन कर्नल म्हणाला, फाइव्ह मिनिट्स, आणि दिवाणखान्याच्या गालिच्यावर आडवा झाला. पिंटू सोफ्यावर. शरयू आरामखुर्चीत, ती तर कुणाच्या हवाईदलात नाही, तरी घोरतेय. कर्नल असा झोपलाय, असा झोपलाय, की मिशा वाऱ्यावर हलतायत. किती दिवसांचा जागा असेल. जेवून माणूस जागच्या जागी झोपला की जेवण पास, यापुढं सर्टिफिकेट नाही.

फोन सारखा वाजतोय. इंग्रजी असेल तर मला कळणार नाही आणि मराठी असेल तर परत करतील. झोपमोड नको म्हणून त्याच्यावर उशी ठेवली. तरी वाजतोय. दुसरी ठेवली.

बुधवार, संध्याकाळी

फोन विनयचा होता.

सव्वाचारला लार्सनसाहेबांच्या गाडीतून आला. मी म्हटलं, हळू, झोपलेत. त्याने माझ्याकडं बघितलं, मग गालिच्याकडं बघितलं. विमानतळावर लार्सनसाहेब, पायलट, फोटोग्राफर, सगळे पावणेचारपर्यंत आकाशाकडं नाही तर रस्त्याकडं बघत उभे. पायलटला दुसरीकडं जायचं होतं, तो विमान घेऊन गेला. कर्नल उठला, घड्याळ बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला माझी मेसमधली पोरं आठवली, परीक्षेला उशीर झालेली.

ते गेल्यावर विनय गॅरेजमध्ये गेला. पानं, रांगोळी, सांडलेला मसालेभात, टपालवाल्याची राहिलेली चार पत्रं. दोन्ही हात डोक्यावर ठेवून म्हणाला, व्हॉट अ मेस!

कितीही चिडला तरी खऱ्याला खरं म्हणतो माझा लेक.

गुरुवार, ६ जून

विनय बोलत नाही. सकाळी उभ्या उभ्या कॉर्नफ्लेक्स खाल्ले आणि गेला. मी धिरडी केली होती. धिरड्याकडं बघितलंसुद्धा नाही.

रेखा हळूच म्हणाली, लार्सनसाहेब म्हणाले, ज्यांना दिवसा जागं राहता येत नाही त्यांना विमान कशाला विकायचं, बंदच करा हे. म्हणजे टेक्सास.

चूक असेल तर जायफळाची. अमेरिकेत सगळंच मोठं आणि कडक, जायफळही तसंच निघालं. आधी कुणी सांगायला नको?

शुक्रवार, ७ जून

सुलूला म्हटलं, तुझ्या बाबांचा राग वरवरचा आहे, गॅरेज बघून मेस छान झाली म्हणाले. सुलू आधी हसली, मग हसायची थांबली. तिच्या इंग्रजीत सांगितलं, मग तोडक्यामोडक्या मराठीत. आज्जी, मेस मीन्स... खूप पसारा. घोळ. तुझी मेस नाही.

ही इथं जन्मलेली. हिला मराठी शब्द काय कळणार.

तरी जेवण गेलं नाही. जायफळ अजून पोटात असेल.

रविवार, ९ जून

मी नुसती बसणारी नव्हे. कर्नलला मोटेलवर फोन करायचा, सगळा दोष माझा आहे म्हणायचं, असा निश्चय केला. वाक्य पाठ केलं. फोन लावला शरयूने, बोलायला मी. कर्नलने हॅलो म्हटल्यावर अख्खं वाक्य उडालं. मी म्हटलं, आजी. सॉरी. विनय गुड बॉय. नो टेक्सास. आणि रडायला आलं म्हणून ठेवून दिला. शरयू म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, मुद्द्याचं तेवढंच होतं.

संध्याकाळी रेखा धावत आली, आई, आई, तुम्हाला माहितेय का? कर्नलने लार्सनसाहेबांना स्वतः फोन केला. म्हणाला, चूक माझी, हवाईदल हाती घेतल्यापासून मी असा झोपलो नव्हतो. विमान पुन्हा दाखवा. मंगळवारी परत डेमो!

रेखाने मला मिठी मारली. मी इथं आल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिली. चुकून असेल, पण मारली.

मंगळवार, ११ जून

ठराव: आज काहीही करायचं नाही. एक लाडूसुद्धा पाठवायचा नाही. पोळपाटाला हात लावायचा नाही. विनय जाताना दारात थांबला, म्हणाला, आई, आज फोन वाजला तर उचल. सहा दिवसांनी पहिलं वाक्य!

फोन मांडीवर घेऊन गॅरेजच्या दारात बसले. वायर पुरत नव्हती, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले आणि मान बाहेर काढली. तीन वाजून गेले आणि घरांवरून एक पांढरं विमान गेलं. तेच असणार. छोटंसं, देखणं, आमच्या सांगलीच्या टांग्याएवढं दिसत होतं वर. मी पदर हलवला. टेक्सास नको, टेक्सास नको, असं म्हणत हलवला. समोरच्या बाईने घाबरून पडदा ओढला.

फोन वाजला. शरयू! काय झालं, म्हणते. मी म्हटलं, तुम्ही फोन अडवून बसल्यावर काय होणार, ठेवा! परत वाजला. विनय. मागून विमानाची घरघर. मग म्हणाला, आई, सही झाली.

मी फोनवरच नाचले. या वयात, वायर गुंडाळून. संध्याकाळी विनयने सहा धिरडी खाल्ली.

आता शांतपणे विचार केला तर हे माझ्यामुळेच झालं. झोप पूर्ण झालेला माणूस आणि झोप न झालेला माणूस, विमान नीट कुणाला दिसेल? बॅग भरायला घेतली. पोळपाट, लाटणं, हँगर. स्वेटर काढून ठेवले, बेटावर लागायचे नाहीत.

शनिवार, १५ जून

निरोपाला आले दोघं. नुसता चहा आणि चिवडा, रेखाची सक्त ताकीद. श्रीखंड नाही.

मी बॅग घेऊन बसलेच होते. आधी हँगर दिले, शरयूकडून सांगायला लावलं, तुमच्या देशात एकच आहे आणि तोही गळतो, म्हणून. विनय एकदम छताकडं बघायला लागला. मग सांगितलं, आई, विमानं ठेवायची जी मोठी शेड असते ना, तिला म्हणतात. मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. पण कर्नल उठला. गणवेशाचा कोट काढला, लाकडी हँगरवर नीट घातला, दाराच्या कडीला टांगला, चुणी सरळ केली. म्हणाला, आता आमच्याकडं एक तरी न गळणारा हँगर झाला. असा माणूस. म्हणून तर त्याला हवाईदल दिलं असेल.

मग पिंटू आनंदाने म्हणाला, आजी, नो मोर मेस!

मी विनयकडं बघितलं. सुलू म्हणत होती तो का रे? घोळ संपला म्हणतोय? का खरीच मेस बंद?

विनयने हातातला कप खाली ठेवला. म्हणाला, दोन्ही, आई.

प्लॅनच्या पहिल्याच पानावर आहे म्हणे. ऑफिसरांची खानावळ बंद. त्या जागेत रेडिओचं वर्कशॉप. पायलटांना जेवण पाकिटातून, गरम पाणी घातलं की झालं. मी विचारलं, कुणी लिहिलं हे? म्हणाला, मीच. फेब्रुवारीत.

माझ्या मेसवर जेवून शिकलेल्या पोराने एका देशाची मेस बंद केली. आणि पहिल्या रात्री तो कर्नल मला काय सांगत होता, तर आमच्या हवाईदलाचा नुसता घोळ झालाय. आणि मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. आय ऑल्सो. बिग.

बॅग उघडून पोळपाट-लाटणं जागेवर ठेवलं.  शरयूने लाटणं पुसून दिलं.

जाताना कर्नल दारात थांबला. हळूच विचारलं, त्या पिवळ्या गोडात काय होतं, घरच्या काळजीत असलेल्या माणसाला देता येईल का? मी स्वयंपाकघरातून अख्खं जायफळ आणून त्याच्या खिशात घातलं. म्हटलं, लिट्ल. व्हेरी लिट्ल. पहिलं विमान ताब्यात घ्यायला परत येणार आहेत. म्हणाला, आजी, त्या दिवशी पाकीट नाही, गरम पाणी नाही. फक्त तुमची मेस. कुपन आणतो. खिशातून काढून दाखवलं, बटाट्याच्या शिक्क्याचं. मी तर दारातच परत घेतलं होतं. कसं लांबवलं कोण जाणे.

येणार आहेत बावीस सप्टेंबरला, संध्याकाळी. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. रविवार निघाला. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे सांगायला तोंड उघडलं, पण गाडी वळली होती.